हॉटेल डस्टमध्ये गेलेला पांढरा चहा

“ताई, तो खोका? तो त शनवारीच ब्लेंडमदी गेला.”

म्हात्रे हे इतक्या सहज बोलले की मी आधी “बरं” म्हटलं. कपाट बंद केलं, दोन पावलं चालले आणि थबकले. परत फिरले.

“कुठला खोका म्हणताय तुम्ही?”

“तोच, तुमच्या रॅकवरचा. कापडात बांधलेला. आत शेनीसारख्या चकत्या व्हत्या, कागदात गुंडाललेल्या. काय कडक. हातोडीनं फोडल्या, मग कटरला घातल्या.”

त्या चकत्यांची मालकीण त्याच दिवशी चार वाजता त्या न्यायला येणार होती.

मी चहाची टेस्टर. तुर्भ्याच्या एमआयडीसीत चहा पॅक करणारी एक कंपनी आहे, तिथे बरीच वर्षं काढली. टेस्टर म्हणजे दिवसभर चहा पिण्याची चैन, असं लोकांना वाटतं. आम्ही चहा पीत नाही, थुंकतो. चमच्यानं फर्रकन तोंडात ओढायचा, जिभेवर फिरवून नाकापर्यंत पोचवायचा आणि पिकदाणीत टाकायचा. कपांची रांग संपली की दुसरी रांग लागते. आमचा सगळा धंदा सीटीसीचा, म्हणजे तुमच्या-आमच्या घरी असते ती बारीक गोळीची चहा पावडर. चार ठिकाणचा माल आणून ठरलेल्या प्रमाणात मोठ्या ड्रममध्ये एकत्र फिरवायचा, त्याला ब्लेंड म्हणायचं. त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कडक ब्लेंड म्हणजे हॉटेल डस्ट. टपरीवर आलं ठेचून, दुधात खळाखळा उकळून जो कटिंग मिळतो, तो ह्याच मालाचा.

आमच्या धंद्यात जुना हा शब्द शिवीसारखा आहे. सीटीसी जुनी झाली की तिचा जोम जातो, कप सपक लागतो. आम्ही त्याला ‘फ्लॅट’ म्हणतो. त्यामुळे जुना माल पडून राहू द्यायचा नाही, थोडा थोडा करून स्वस्त ब्लेंडमध्ये जिरवून टाकायचा, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. टेस्टिंग रूममध्ये उरलेली सँपलंही अशीच जातात. महिनाअखेरीला सगळे डबे एका गोणीत रिकामे करायचे आणि गोणी हॉटेल डस्टमध्ये. फुकट काही घालवायचं नाही.

त्या सोमवारी ऑडिट होतं. शुक्रवारी आमच्या साहेबांनी, म्हणजे कोठारींनी, सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की सोमवारी गोडाउनमध्ये जुनी एक पत्ती दिसता कामा नये. शनिवारी मी भाचीच्या हळदीला करावेला गेले होते. म्हात्रेंनी गोडाउन आवरलं, आणि ताईचं काम कमी व्हावं म्हणून माझा रॅकही आवरून टाकला. म्हात्रे आमचे ब्लेंडिंग सुपरवायझर. माझ्याच गावचे, करावेचे. कंपनीचं शटर पहिल्यांदा वर गेलं तेव्हापासून ते इथे आहेत आणि त्यांच्या हातून बॅच बिघडलेली मी पाहिलेली नाही.

“फोडताना वास येत व्हता,” ते म्हणाले. “खजुरावानी. मी बोल्लो पन, सँपल जुना हाय तरी वास बरा हाय.”

“मग थांबला का नाहीत?”

“साहेब बोल्ले ना, जुना ठेवू नको.”

मी शनिवारची बॅच कुठे आहे, एवढंच विचारलं. सकाळीच टेम्पोत भरून गेली होती.

आता तो खोका कोणाचा, ते सांगते. रुबिना मॅडम जुईनगरला राहतात, बँकेत आहेत. माझं खातं त्यांच्याच ब्रँचला. एकदा केवायसीच्या रांगेत मी कुठे काम करते हे त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही चहावाल्या? मग माझा एक प्रॉब्लेम सोडवा ना.” त्यांचे अब्बा मूळचे श्रीवर्धनकडचे, जन्मभर बोटीवर इंजिनीअर होते. चीनच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी वेळोवेळी ह्या चकत्या आणल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या. अब्बा गेले, चकत्या राहिल्या. मॅडमनी तो चहा करून पाहिला. कधी टी-बॅगसारखा बुडवून, कधी आपल्या चहासारखा साखर घालून. दर वेळी गवताचं पाणी. लहानपणी अब्बांच्या बशीतून त्या जो प्यायल्या होत्या तो हा नव्हेच.

“येत्या मंगळवारी त्यांची बरसी आहे,” मागच्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या होत्या. “अम्मीला तो चहा द्यायचा आहे. तिला सांगितलेलं नाही हां. सरप्राइज.”

हा पांढरा चहा. पांढरा म्हणजे रंगानं नव्हे. कोवळ्या कळीवर बारीक पांढरी लव असते म्हणून ते नाव. हा चहा करायची रीत सगळ्यात आळशी. पानं तोडायची, पसरून ठेवायची, सुकू द्यायची. रगडायची नाहीत, भाजायची नाहीत. सुकली की तशीच ठेवा किंवा वाफ देऊन दाबून चकत्या करा. पान फारसं छेडलेलं नसतं, म्हणून त्याच्या आत हळूहळू बदल चालू राहतो. हिरवट पान तपकिरी होतं. गवताचा वास जातो, तिथे खजूर येतो, जुनं लाकूड येतं, ज्येष्ठमधासारखं काहीतरी येतं. पहिल्या वर्षी चहा, काही वर्षांनी औषध आणि त्याच्याही पुढे ठेवला तर खजिना, असं चिनी लोक म्हणतात. अर्थात असं म्हणणारे बहुतेक करून तो विकणारे असतात. पण जुना झाला की भाव वाढणारा चहा असतो खरा, फक्त त्याला कोरडी जागा लागते आणि शेजारी कसलाही वास चालत नाही. चहा वास फार पटकन उचलतो. रुबिना मॅडमच्या घरी बरसीसाठी रंगकाम निघालं होतं, म्हणून तो खोका त्यांनी माझ्या रूममध्ये आणून ठेवला. माझ्या रूममध्ये रूम फ्रेशनर नाही, अगरबत्ती नाही. मी ड्युटीला येताना पावडरसुद्धा लावत नाही. मीच म्हटलं होतं, इथे सुरक्षित राहील.

एक चकती मी ट्रायलसाठी उघडली होती. गोणी शिवायच्या दाभणानं कडेनं टोचून थर उचलायचा, चुरा करायचा नाही. पानं तुटली की चहा तुरट होतो. पहिली ट्रायल पुस्तकी. झाकणाची छोटी वाटी, पाणी चांगलं उकळतं. पहिलं पाणी घालून लगेच ओतून द्यायचं, त्यानं धूळ जाते आणि दाबलेली पानं सैल होतात. मग पाणी घालायचं, थोडा वेळ थांबायचं, गाळायचं. त्याच पानांवर परत पाणी, दर वेळी जरा जास्त वेळ. प्रत्येक कप वेगळा लागतो. मी स्वतःवर खूश होते.

रुबिना मॅडम प्यायल्या. “छान आहे हो,” म्हणाल्या. “पण हा त्यांचा नाही.”

दुसऱ्या खेपेला पानं मंद गॅसवर उकळली. जुन्या पांढऱ्या चहाला हे चालतं, त्याच्यात कडवटपणा कमी असतो. रंग गडद आला, खजूर आला. त्यांनी दोन घोट घेतले, खिडकीकडे बघितलं.

“जवळ आलात. पण त्यांचा जाडसर होता. आणि हा उकळल्याचा वास आहे ना, तो नसायचा.”

त्यानंतर मी आणखी दोन-तीन तऱ्हा करून पाहिल्या. पाणी बदललं, भांडं बदललं. चकती संपत आली. मला रात्री झोपताना तेच डोक्यात. माझा नवरा म्हणाला, अगं, दूध घालून दे, काही कळणार नाही तिला. त्याच्याशी मी दोन दिवस नीट बोलले नाही.

तर सोमवारी सकाळी माझ्याकडे काय होतं? ड्रॉवरमधल्या डबीत दोन बोटांएवढा एक तुकडा. बाकीचा चहा तुर्भे, घणसोली, कोपरखैरणे इथल्या टपऱ्यांवर दुधात उकळायला निघाला होता. आणि अब्बांची रीत अजून सापडलेली नव्हती.

मी फोन उचलला. खोक्याचं सांगायचं धाडस झालं नाही. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती, असं मी स्वतःला समजावलं.

“मॅडम, एक विचारू? अब्बा हा चहा करायचे कशात?”

“तेच तर आठवत नाही. करताना मी कधी बघितलंच नाही.”

“मग प्यायचे कधी?”

“सकाळी. फजरची नमाज झाली की बाल्कनीत बसून. मी शाळेत जायच्या आधी मला बशीत थोडा द्यायचे.”

“म्हणजे उठल्यावर करायचे.”

“नाही ना. किचनमध्ये तर तोपर्यंत लाइट पण लागलेली नसायची. तयारच असायचा. त्यांचा तो थर्मास होता, हिरवा, बोटीवरचा. त्यातून ओतायचे. त्याला कुणी हात लावायचा नाही.” मग त्या हसल्या. “का हो, मिळाली का काही ट्रिक? मी चारला येते, खोका पण घेऊन जाते. रंगकाम झालं घरचं.”

मी “या” म्हटलं आणि फोन ठेवला.  डोकं चालायला लागलं होतं.

तयार असायचा म्हणजे आदल्या रात्री भरलेला. बोटीवरच्या माणसाला गॅस कुठे, वाटी कुठे, झाकण कुठे? ड्युटीवर जाताना थर्मासमध्ये पानं टाकायची, वरून उकळतं पाणी, झाकण घट्ट. काही तासांनी उघडायचा. त्याच सवयीनं ते घरीही करत असणार. थर्मासमध्ये पाणी खळखळत नाही, त्यामुळे उकळल्याचा वास येत नाही. पण ऊब जात नाही, त्यामुळे पान सावकाश सगळं सोडून देतं, आणि चहा जाडसर होतो. आपली सीटीसी अशी कोंडून ठेवली तर काढ्यापेक्षा कडू होईल. हा जुना चहा सोसतो.

बरोबर असेल किंवा नसेल. करून बघायला दुसरा तुकडा नव्हता. आणि चार वाजता चहा तयार हवा तर थर्मास आत्ताच भरायला हवा होता.

कँटीनचा थर्मास आणला, हुंगला. आलं, वेलची, दूध. तो सात जन्म धुतला तरी उपयोग नव्हता. मग आठवलं, कोठारी साहेबांच्या केबिनमध्ये दिवाळीत गिफ्ट आलेल्या स्टीलच्या थर्मासची न उघडलेली खोकी पडून असतात. ऑडिटवाले गोडाउनमध्ये होते. साहेब केबिनमध्ये एकटेच पाणी पीत होते. थर्मास मागायचा तर कारण सांगायला हवं, म्हणून सगळं सांगितलं.

त्यांचा पहिला प्रश्न, “ब्लेंडला काही फरक पडला का?”

“दोन किलो माल, एवढ्या बॅचमध्ये? काय फरक पडणार?”

“बस ना मग. दर्या में खसखस.” ते सुटकेनं मागे टेकले. “वनिताबेन, तिला सांगा, बुरशी आली. इथली हवा दमट, चायनाचा माल, हेल्थचा विषय आहे म्हणून डिस्पोज केला. कोण काय बोलणार?”

“माझ्या रूममध्ये बुरशी आली, असं मी सांगू?”

“तुमचा इगो नका आणू मध्ये.”

“साहेब, रूममध्ये बुरशी आली असेल तर आजच्या ऑडिटवाल्यांनाही सांगू का?”

त्यांनी ग्लास ठेवला. “ठीक आहे. मग दुसरं करा. चूक म्हात्रेची आहे. तिला सांगा, त्याला आजच काढला. लोकांना ॲक्शन पाहिजे असते. दोनपैकी एक करा. चारपर्यंत ठरवा, मला ऑडिट आहे.”

मला राग आला की माझा आवाज उलट खाली जातो. मी म्हटलं, “जुनं ठेवू नका असं म्हात्रेंना कुणी सांगितलं होतं, ते चारपर्यंत तुम्हीही आठवून ठेवा.” थर्मासचं खोकं उचललं आणि बाहेर आले. नोकरीत इतक्या वर्षांत साहेबांना असं बोलले नव्हते. 

नव्या थर्मासला रबराचा वास असतो. उकळतं पाणी भरून ओतलं, परत भरलं, परत ओतलं. नाक घालून बघितलं, परत भरलं. वास जाईपर्यंत तेच. ह्याचा दुसरा फायदा म्हणजे आतलं स्टील तापतं आणि नंतरचं पाणी लवकर निवत नाही. तुकडा वाटीत ठेवून त्यावर एकदा पाणी फिरवून टाकलं. तो थर्मासमध्ये सोडला, काठोकाठ उकळतं पाणी भरलं, झाकण आवळलं आणि टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला.

मग काही करायचं उरलं नाही. हीच सगळ्यात वाईट वेळ. आमच्या कामात कप समोर असतो, चाखलं की कळतं. थर्मास उघडून बघता येत नाही. उघडला की ऊब जाते. मी रोजची सँपलं लावली, चाखली आणि नंबर उलटे टाकले. परत लावली. हात आपोआप त्या झाकणाकडे जायचा. एकदा तर मी थर्मासवर कान ठेवला. आत काय ऐकू येणार होतं, कोण जाणे.

जेवायच्या सुट्टीत म्हात्रे आले. दारातच उभे राहिले. साहेबांच्या केबिनमधली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. आमच्या कंपनीत चहापेक्षा बातमी लवकर उकळते.

“ताई, मी बोलतो त्या बाईशी.”

“तुम्ही काही बोलू नका. मी बघते.”

“घातला मी, बोलनार तुमी. असा कसा?”

“काका, त्यांनी तुम्हाला काढायचं म्हटलंय.”

“ते ऐकला.” त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. “काढतील त काढू दे. पन बुरशी बोलू नका. माझ्या गोडाउनमदी बुरशी कदी आली?”

मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून आलं नाही. माणसाची नोकरी जायला आली होती आणि त्याला गोडाउनच्या अब्रूची चिंता. मी डबा उघडला, दोन घास खाल्ले, बंद केला.

रुबिना मॅडम चारच्या आधीच आल्या. खांद्यावर मोठी कापडी पिशवी, खोक्यासाठी. मी त्यांना बसवलं आणि पाणीसुद्धा न विचारता सगळं सांगितलं. ऑडिट, आवराआवर, रॅक, हातोडी, कटर, टेम्पो. बोलताना मध्येच थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. म्हात्रे दारात येऊन उभे होतेच. कोठारी साहेबही आले, बहुतेक मी काय सांगते ते ऐकायला.

मॅडमनी पिशवी मांडीवर घेतली. तिची घडी केली, उलगडली, परत केली.

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“मी घातला,” म्हात्रे म्हणाले. “मना वाटला सँपल हाय. माझी चूक हाय.”

“आम्ही ह्यांच्यावर ॲक्शन घेतोय,” साहेब लगेच म्हणाले. “आजच काढतोय ह्यांना.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमच बोलल्या. “नका काढू. मला एका गोष्टीचं वाईट वाटतंय, तेवढं पुरे. दुसरी कशाला देता?” आवाज चढलेला नव्हता. साहेबांनी मान हलवली आणि ऑडिटचं कारण सांगून गेले.

“आणि आमची पद्धत सापडली का?” त्यांनी मला विचारलं.

“वाटतंय सापडली.” मी थर्मास पुढे केला. “एक तुकडा राहिला होता. ह्यात आहे.”

त्यांनी थर्मासकडे बघितलं आणि एकदम म्हणाल्या, “मग उघडूच नका.”

मला क्षणभर कळलं नाही.

“हा त्यांचा नसला तर ठीक आहे. पण त्यांचाच निघाला तर?” त्यांचे डोळे भरले होते. “मॅडम, मला आत्तापर्यंत माहीत नव्हतं काय गेलंय. आता कळेल.”

मी सकाळपासून रीत सापडली की नाही ह्याच काळजीत होते. सापडली तर काय होईल, ह्याचा विचार मी केलाच नव्हता. माझा हात झाकणावर तसाच राहिला. म्हात्रे जमिनीकडे बघत होते. खाली लोडिंगला लागलेल्या टेम्पोचा हॉर्न वाजत होता.

“उघडा,” शेवटी त्याच म्हणाल्या. “अम्मीसाठी न्यायचाच आहे.”

टेस्टिंगच्या पांढऱ्या वाटीत मी घोटभरच ओतला. काळ्या मनुका भिजवलेल्या पाण्याचा रंग. एकदम स्वच्छ, तळ दिसत होता. वाफेबरोबर खजूर वर आला. मी स्वतः चाखला नाही. होता तो मोजकाच, आणि तो त्यांच्या घरचा होता. टेस्टरनं न चाखता चहा पुढे केला, असं माझ्या हातून तेव्हाच काय ते झालं.

त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली. एक घोट घेतला. बराच वेळ गिळलाच नाही.

“हाच,” म्हणाल्या.

टेस्टिंग रूममध्ये मी खूप चेहरे पाहिलेत. आवडल्याचे, नावडल्याचे, न कळता मान डोलावणाऱ्या बायर लोकांचे. ज्याला हवं ते मिळालं आणि त्याच वेळी गेलं, असा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. मला फार अपराधी वाटलं. त्या आधी मी नुसती घाबरलेली होते.

वाटीतला चहा संपवून त्यांनी थर्मासचं झाकण स्वतःच लावलं. म्हात्रेंना त्या काही बोलल्या नाहीत. निघताना मला धंद्याची एक गोष्ट आठवली, तेवढी सांगितली. “चहा संपला की पानं टाकू नका. भांड्यात थोडं पाणी घालून बारीक गॅसवर उकळा. अजून एक वेळ देतील ती. पातळ होईल, पण देतील.” त्यांनी मान हलवली. रिकामी पिशवी खांद्याला लावली, थर्मास छातीशी धरला आणि गेल्या.

मंगळवारचा दिवस मी कसा काढला ते विचारू नका. बरसीच्या घरी फोन कसा करणार? बुधवारी त्यांचाच आला.

“मॅडम, अम्मीला दिला मी.”

“मग?”

“तिनं एक घोट घेतला आणि मला विचारलं, ‘हा कुठला चहा?’ मी म्हटलं, अम्मी, अब्बांचा. तर म्हणाली, ‘त्यांचा असा नसायचा.’”

“पण तुम्ही तर हाच म्हणाला होतात.”

“ऐका ना. मला पण तसंच झालं. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग संध्याकाळी सगळे पाहुणे गेल्यावर उरलेला चहा गाळून परत थर्मासमध्ये ठेवला आणि तुम्ही सांगितलं तशी ती पानं उकळली. पातळच झाला, फिका. मी तो स्वतःसाठी केला होता. अम्मी किचनमध्ये आली, माझ्या हातातून कप घेतला, प्यायली, आणि म्हणाली, ‘हा. हा त्यांचा.’”

 त्या पुढे सांगू लागल्या.

“थर्मासला हात लावायचा नाही असा नियम होता ना? सकाळी अब्बा पिऊन झाले की थर्मास धुवायला तिच्याकडे यायचा. तळाची पानं ती उकळून घ्यायची. चाळीस वर्षं. पहिला चहा तिनं कधी प्यायलाच नव्हता, मॅडम. काल पहिल्यांदा प्यायली. मला बशीत मिळायचा, तिला नाही.”

“काय म्हणाल्या त्या?”

“म्हणाली, ‘बरा असायचा की त्यांचा.’ आणि उरलेला थर्मास सगळा संपवला. कुणाला दिला नाही.”

त्या हसल्या का रडल्या, फोनवर नीट कळलं नाही. 

म्हात्रे आहेत अजून कामावर. ऑडिट पास झालं. कोठारी साहेबांनी माझ्या रॅकवर ‘विचारल्याशिवाय हात लावू नये’ अशी पाटी लावली आणि मीटिंगमध्ये ती स्वतःची आयडिया म्हणून सांगितली. हॉटेल डस्टबद्दल एकाही टपरीवाल्यानं तक्रार केली नाही, कौतुकही केलं नाही.

नंतर आणखी एक-दोन जण माझ्याकडे आले, असाच कुणा गेलेल्या माणसाच्या हातचा चहा शोधत. मी पानं, पाणी, भांडं हे सगळं नंतर विचारते. आधी विचारते, तो चहा घरात कोण कोण प्यायचं, आणि कोणाच्या वाट्याला कितवं पाणी यायचं.